सगळी लढाई पहिल्या आकड्याची : अपघातातलं आर्थिक नुकसान कोर्टात सिद्ध करण्याची पार्श्वभूमी

मोटार अपघाताच्या दाव्यात चूक कोणत्या ड्रायव्हरची, यावर पुष्कळ साक्षी होतात. तरी विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत सगळ्यात जास्त जोर लावतो तो एका साध्या प्रश्नावर : मयताला महिन्याला नेमके किती रुपये मिळत होते, आणि त्याला कागद काय? हा प्रश्न इतका महत्त्वाचा कसा झाला, ते कळायला मोटारीच्याही आधीच्या काळात जावं लागतं.

१८०८ साली इंग्लंडमध्ये एक घोड्यांची प्रवासी गाडी उलटली. टपावर एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याला मुका मार लागला, बायको महिनाभराने गेली. नवऱ्याचा मद्यालयाचा धंदा होता आणि त्यात बायकोचा त्याला मोठा हातभार होता. तो कोर्टात गेला. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनी सांगितलं, की माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात मागण्यासारखी हानी नव्हे. भरपाई मिळाली १०० पौंड, तीही त्याच्या स्वतःच्या माराची आणि बायको जिवंत होती तेवढ्या महिन्यापुरती. म्हणजे माणूस जखमी केला तर पैसे द्यायचे, मारून टाकला तर सुटका! हा उफराटा न्याय ३८ वर्षं टिकला. रेल्वे आली, अपघात वाढले, आणि १८४६ मध्ये इंग्लंडने कायदा करून वारसांना हक्क दिला. त्याच धर्तीवर भारतात १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा आला.

या कायद्यांनी एक चौकट कायमची घालून दिली. दुःखाची किंमत ठरवायची नाही. त्या माणसाकडून घरात जे येत राहिलं असतं ते मोजायचं. आणि ते दाखवायची जबाबदारी मागणाऱ्याची.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यानंतरही सुरुवातीला दिवाणी दावाच लावावा लागे. १९५६ च्या दुरुस्तीने वेगळी दावा न्यायाधिकरणं नेमण्याची सोय झाली, आणि १९८८ च्या नव्या कायद्याने ती पुढे चालवली. इथे चौकशी संक्षिप्त पद्धतीने होते. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकलं तरी पुरतं. पण हिशेब मात्र न्यायाधीशागणिक बदलायचा. उरलेल्या आयुष्याची वर्षं कोणी कशी धरायचा, कोणी कशी. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुणक पद्धत, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला वयानुसार एका आकड्याने गुणायचं, हीच योग्य असं ठरवलं. त्याच वर्षी कायद्यात एक तक्ता घातला गेला, आणि त्यात इतक्या चुका निघाल्या की दोनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाला त्या दाखवून द्याव्या लागल्या. कमाई नसलेल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न या तक्त्यात १५,००० रुपये धरलं होतं.

खरी शिस्त आली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालाने. वय १५ ते २५ असेल तर गुणक १८, मग उतरत उतरत ६६ ते ७० ला ५. मयताच्या स्वतःवरच्या खर्चाची वजावटही अवलंबितांच्या संख्येवर बांधली गेली. २०१७ मध्ये प्रणय सेठी निकालात पाच न्यायमूर्तींनी भविष्यातल्या उत्पन्नवाढीचे टक्केही नक्की केले : चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराला ५०, स्वतःचा धंदा करणाऱ्याला ४०.

आता तीस वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा, मागे चार अवलंबित असलेला माणूस घ्या. महिना १०,००० धरले, तर ४० टक्के वाढीने १४,०००. चौथा हिस्सा वजा जाता १०,५००. वर्षाचे १,२६,०००, गुणक १७, म्हणजे २१,४२,००० रुपये. तेच उत्पन्न ६,००० धरलं तर १२,८५,२००. बाकी सगळे आकडे छापील आहेत. चार हजारांच्या फरकाने साडेआठ लाख जातात, म्हणून सगळी लढाई पहिल्या आकड्यावर येऊन थांबली.

नोकरदाराचं त्यातल्या त्यात सोपं. पगारपत्रक असतं, कार्यालयातलं कोणीतरी रजिस्टर घेऊन साक्षीला येतं. आयकर विवरणपत्रालाही मान आहे, मात्र अपघातानंतर घाईने भरलेल्याकडे संशयानेच पाहिलं जातं. शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. सात-बारा जोडला की विमा कंपनी म्हणते, माणूस गेला, जमीन तर जागेवर आहे! २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा बऱ्याच अंशी मानला : जमीन वारसांकडे राहते, म्हणून नुकसान मुख्यतः देखरेखीचं धरायचं. कायद्याच्या तर्काला ते धरून असेल. पण पेरणीच्या तोंडावर घरातला कर्ता माणूस गेलेल्यांना तो तर्क पटणं अवघड आहे.

ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांच्या बाबतीत कोर्ट हळूहळू सैल होत गेलं. २०११ मध्ये एका हमालाने महिना ४,५०० सांगितले होते, न्यायाधिकरणाने ३,००० धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आकडा घेतला. २०१४ मध्ये पाय गमावलेल्या एका भाजीविक्रेत्याबद्दल कोर्ट म्हणालं, की असा माणूस उत्पन्नाचा कागद आणणार कुठून? जखमींसाठी २०१० मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली होती. डॉक्टरच्या दाखल्यावरचं अपंगत्व आणि कमाईतली घट एकच नव्हे. डावा हात गेलेला ड्रायव्हर पूर्ण बेकार होऊ शकतो, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते.

गृहिणीचा आकडा सगळ्यात उशिरा आला. २००१ मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या प्रकरणात तिच्या कामाची किंमत महिना ३,००० धरली गेली. २०१० मध्ये कोर्टाने जनगणनेवर बोट ठेवलं, कारण तिथे गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, काम न करणाऱ्यांत बसवलं होतं. मग जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी स्वतंत्र मत लिहिलं. त्यात सरकारी वेळ-वापर पाहणी पुढे ठेवली : बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७.