कसोटी संघ निवडायचा कोणी?

कसोटी संघ जाहीर झाला की वाद ठरलेलाच. अमक्याला डच्चू का, तमक्याचा वशिला कोणाचा, हे सगळं आलंच. पण या वादाच्या मुळाशी आणखी एक जुना प्रश्न आहे: संघ निवडायचा अधिकार मुळात कोणाचा?

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मायदेशातल्या कसोटींसाठी एक निवड समिती नव्हतीच. सामना ज्या मैदानावर, तिथली यजमान संस्था संघ निवडायची. लॉर्ड्सवर एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब), ओव्हलवर सरे आणि ओल्ड ट्रॅफर्डवर लँकेशायर हे काउंटी क्लब. १८९६ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध याचा मासलेवाईक अनुभव आला. इंग्लंडमध्ये खेळणारे भारतीय राजपुत्र रणजितसिंहजी धावांची रास ओतत होते, तरी लॉर्ड्सच्या कसोटीसाठी एमसीसीने त्यांना घेतलं नाही. यामागे मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड हॅरिस होते, असं सांगतात. पुढची कसोटी ओल्ड ट्रॅफर्डला. लँकेशायरने रणजींना घेतलं आणि त्यांनी ६२ व नाबाद १५४ धावा केल्या. तोच खेळाडू, तीच मालिका. बदलले होते ते फक्त निवडणारे. १८९९ पासून इंग्लंडमध्ये मायदेशातल्या कसोटींसाठी एकच निवड समिती आली.

समिती आली म्हणून निवड निर्मळ झाली असं मात्र नाही. १९६८ चं बॅसिल डॉलिव्हेरा प्रकरण हा त्यातला सर्वांत काळा अध्याय. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचा हा गौरेतर खेळाडू वर्णभेदामुळे मायदेशात संधी नव्हती म्हणून इंग्लंडला आला होता. ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १५८ धावा केल्या आणि लगेच झालेल्या बैठकीत दक्षिण आफ्रिका दौऱ्याच्या संघातून त्याला वगळण्यात आलं. परदेशातल्या खेळपट्ट्यांवर त्याचा विचार अष्टपैलू म्हणून नव्हे, निव्वळ फलंदाज म्हणून केला, असा खुलासा झाला. पुढे मध्यमगती गोलंदाज टॉम कार्टराइटने दुखापतीमुळे माघार घेतली, तर त्याच्या जागी घेतलं कोणाला? डॉलिव्हेरालाच! खुलाशाचं पितळ असं उघडं पडलं. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर यांनी हा संघ नाकारला, दौरा रद्द झाला. १९७० नंतर दक्षिण आफ्रिका दोन दशकांहून अधिक काळ कसोटीबाहेर राहिली.

आपल्याकडे १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींचं कर्णधारपद गेलं आणि अजित वाडेकर आले. त्या वर्षी भारत वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे जिंकला, म्हणून ते मत दूरदृष्टीचं ठरलं. हरलो असतो तर मर्चंट यांची काय अवस्था झाली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

१९८४ मध्ये दिल्ली कसोटीत कपिलदेव आणि संदीप पाटील बेजबाबदार फटके मारून बाद झाले, सामना हातचा गेला आणि कोलकात्याला दोघेही बाहेर. प्रेक्षकांचा राग निघाला तो कर्णधार गावसकर यांच्यावर. निर्णय निवड समितीचा होता, हे गावसकर पुढे सांगत राहिले. त्याच कोलकाता कसोटीत अझरुद्दीनने पदार्पणात शतक ठोकलं. कपिल पुढच्याच सामन्यात परतला. पाटील पुन्हा कधीच कसोटी खेळला नाही, आणि त्याच्यासाठी फारसा कोणी घसाही कोरडा केला नाही.

अर्थात, हुकलेल्या प्रत्येक जागेमागे कारस्थानच असतं असं नाही. राजिंदर गोयल आणि पद्माकर शिवलकर या डावखुऱ्या फिरकीपटूंना एकही कसोटी मिळाली नाही; त्यांच्या वाटेत बिशनसिंग बेदी उभा होता.

आता समिती पथक निवडते, अंतिम अकरा कर्णधार आणि प्रशिक्षक ठरवतात. ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये या दोघांनाच निवड समितीत बसवून पाहिलं. दोन वर्षांत कर्णधार मायकल क्लार्क त्यातून बाहेर पडला. दोन टेबलांवरच्या निवडीत खेळाडू कसा अडकतो ते करुण नायरला विचारा. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत नाबाद ३०३, आणि पुढच्याच कसोटीत बाहेर, कारण दुखापतीतून अजिंक्य रहाणे परतला होता. एका सामन्याने रहाणेची दोन वर्षांची मेहनत पुसली जात नाही, हे कर्णधार कोहलीचं म्हणणं रास्तच होतं. पण २०१८ च्या इंग्लंड दौऱ्यात नायर सुरुवातीपासून पथकात असताना ओव्हलवर संधी मिळाली ती मालिकेच्या मध्यावर बोलावलेल्या हनुमा विहारीला. समितीच्या लेखी नायर पथकात होता, संघ व्यवस्थापनाच्या लेखी अकरात नव्हता.