ओतीव आणि घडीव: उत्पादन प्रक्रियांच्या अभ्यासाआधी सोडवायचा गोंधळ

यांत्रिकी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला ‘उत्पादन प्रक्रिया’ हा विषय सुरू होतो, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांतच ओतकाम आणि फोर्जिंग, म्हणजे धातू घडवणे, ही दोन प्रकरणे पाठोपाठ येतात आणि बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात ती एकमेकांत मिसळतात. त्यात नवल नाही. दोन्हीकडे भट्टी आहे, दोन्हीकडे लालभडक धातू आहे, दोन्ही ठिकाणी कोणत्या ना कोणत्या पोकळीत धातू जाऊन आकार घेतो आणि दोन्ही भागांच्या कडेने जोडरेषेची खूण उरते. सोलापूरच्या विद्यार्थ्याला हा फरक पुस्तकापेक्षा गावातच अधिक चांगला समजू शकतो, कारण किर्लोस्कर फेरसचा ओतकामाचा कारखाना आणि १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, असे ओतकाम जाणणारे मोठे उद्योग याच शहराच्या औद्योगिक परिसरात आहेत.

मुख्य भेद एका प्रश्नात सामावतो: आकार घेताना धातू द्रव होता की घन? ओतकामात धातू पूर्ण वितळवून साच्यात ओततात आणि तो तिथेच गोठतो. फोर्जिंगमध्ये धातू वितळतच नाही. तो तापवून मऊ करतात आणि हातोड्याच्या किंवा प्रेसच्या दाबाखाली दोन डायच्या, म्हणजे आकार कोरलेल्या ठोकळ्यांच्या, मध्ये दाबून वाहायला लावतात. इथे तापमानाचा आकडा मात्र विद्यार्थ्याला हमखास फसवतो. पोलादाचे फोर्जिंग साधारण ११०० ते १२५० अंश सेल्सिअसला होते आणि बीड, म्हणजे कास्ट आयर्न, सुमारे ११५० अंशांच्या आसपासच वितळू लागते. म्हणजे ज्या तापमानाला बीड पाण्यासारखे वाहते, त्याच तापमानाला पोलाद घन राहून घणाचा मार सोसते. कारण आहे कार्बन. बिडात तो साधारण अडीच ते चार टक्के असतो आणि त्यामुळे वितळण्याचे तापमान खाली येते, तर कमी कार्बनचे पोलाद द्रव व्हायला १५०० अंशांच्या जवळ जावे लागते. एवढा कार्बन असलेले करडे बीड मात्र ठोकून घडवता येत नाही. त्यातील ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्यांपाशी ते तडकते.

‘डाय’ हा शब्द दिसला की ते फोर्जिंग, हाही असाच एक पक्का झालेला गैरसमज आहे. डाय कास्टिंगमध्ये पोलादी डायच असतात, पण त्यांत वितळलेले ॲल्युमिनियम दाबाने भरले जाते, म्हणून ते ओतकामच ठरते. उलट, वाळूच्या ओतकामात साचा दरवेळी फोडावा लागतो आणि टिकतो तो फक्त पॅटर्न, म्हणजे वाळूत आकार उमटवणारा नमुना.

आकार घेण्याच्या या फरकातून धातूच्या आतली रचना ठरते आणि माझ्या मते या विषयात खरोखर वेळ द्यायची जागा हीच आहे. ओतलेल्या भागात गोठणे साच्याच्या भिंतीपासून आत सरकते, कण सर्व दिशांनी वाढतात, वायू अडकला तर पोकळ्या राहतात आणि शेवटी गोठणाऱ्या जाड भागाला पुरेसा द्रव मिळाला नाही तर तिथे आकुंचनाचा खड्डा पडतो. रायझर, म्हणजे द्रव धातूचा जादा साठा, लावायचा तो त्यासाठीच. फोर्जिंगमध्ये सळईतील कणांच्या रेषा भागाच्या आकाराबरोबर वळतात. घडवलेला कनेक्टिंग रॉड लांबीत कापून, पॉलिश करून आम्लात ठेवला, तर दांड्यातून टोकाकडे वळत गेलेल्या या रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. या प्रवाहाच्या दिशेने ताण आला तर भाग पुन्हापुन्हा येणारा भार अधिक सोसतो, आडव्या दिशेने मात्र तितका नाही. म्हणून कनेक्टिंग रॉड, क्रेनचा हुक, पाना आणि अवजड वाहनांचे क्रँकशाफ्ट हे सहसा घडवलेले असतात. पुण्यातील भारत फोर्जसारखी कंपनी याच कामासाठी ओळखली जाते.

यावरून ‘घडीव ते मजबूत, ओतीव ते कच्चे’ असा निष्कर्ष विद्यार्थी चटकन काढतात आणि तो चुकीचा आहे. शेतावरच्या पंपाची केसिंग पाहावी. आत पाण्याला वळण देणारी पोकळ वाट असते आणि ती साच्यात वाळूचा गाभा बसवूनच तयार होते. अशी बंदिस्त पोकळी डायमध्ये ठोकून निघणार नाही. लेथच्या बेडसाठीही बीडच निवडतात, कारण त्यातील ग्राफाइट कंपने शोषून घेते.

याहून बोलके उदाहरण सोलापूरच्याच कॅमशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याचे आहे. त्यावरच्या उंचवट्यांच्या, म्हणजे कॅमच्या, टोकांवर सतत घासण्याचा भार असतो, म्हणून तिथे पृष्ठभाग अतिशय कठीण हवा, पण बाकीचा शाफ्ट यंत्रावर सहज कापता आला पाहिजे. चिल्ड कास्ट आयर्नच्या पद्धतीत साच्यात नेमक्या कॅमच्या जागी धातूचे तुकडे बसवतात. त्यांना टेकलेले द्रव बीड इतक्या वेगाने थंड होते की कार्बनला ग्राफाइट व्हायला अवधीच मिळत नाही. लोखंडाशी संयोग होऊन कठीण कार्बाइड तयार होते आणि त्या जागी पांढरे बीड गोठते. मधल्या भागात, जिथे फक्त वाळू असते, तिथे थंड होणे सावकाश चालते आणि बीड करडेच राहते. म्हणजे एकाच ओतणीत, एकाच धातूपासून, दोन वेगळे गुणधर्म नेमक्या जागी मिळतात. पोलादी कॅमशाफ्टवर तेच साधायला घडवल्यानंतर कॅमच्या पृष्ठभागाला वेगळी उष्णताप्रक्रिया द्यावी लागते.

दोषांची नावेही फसवतात. ‘कोल्ड शट’ हा दोष दोन्हीकडे सांगतात. ओतकामात तो दोन द्रव धारा थंडावल्यामुळे भेटूनही एकजीव न झाल्याने पडतो, तर फोर्जिंगमध्ये धातू स्वतःवर दुमडून घडीत ऑक्साइडची खपली अडकल्याने. पहिल्यासाठी धातूचे तापमान आणि गेटची, म्हणजे साच्यात धातू शिरण्याच्या वाटेची, मांडणी तपासतात, दुसऱ्यासाठी डायमधील कोपऱ्यांची त्रिज्या आणि आधीच्या टप्प्यातला आकार.

कार्यशाळेत एखादा तयार भाग हाती आला की जोडरेषा पाहावी: फोर्जिंगमध्ये दोन डायच्या फटीतून बाहेर आलेला जादा धातू, म्हणजे फ्लॅश, कापल्याची रुंद, कातरल्यासारखी पट्टी दिसते, ओतीव भागावर बारीक रेषा आणि गेट किंवा रायझर तोडून घासल्याची जागा. लेथवर करड्या बिडाचा किस तुटक, भुकटीसारखा पडतो आणि पोलादाचा लांब वेटोळा. क्रँकशाफ्टबाबत मात्र केवळ नावावरून ठरवू नये, कारण अनेक मोटारगाड्यांत ते एसजी आयर्न या बिडाच्या प्रकाराचे, म्हणजे ओतलेले असतात. अशा वेळी ड्रॉइंगमधील मटेरियलचा रकाना वाचावा. एफजी २६० म्हणजे २६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणबलाचे करडे बीड आणि एसजी ५००/७ म्हणजे ५०० ताणबल व ७ टक्के लांबण असलेले गोलाकार ग्राफाइटचे बीड, दोन्ही ओतलेलेच. ईएन ८ लिहिलेले असेल तर ते मध्यम कार्बनचे पोलाद आहे आणि भाग घडवलेला आहे की थेट सळईतून कापलेला, हे कळण्यासाठी ड्रॉइंगवरची पुढची टीप पाहावी लागते.