चावीच्या महागड्या घड्याळाची अचूकता

चावीचं किंवा ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं) लक्झरी घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढं-मागं जातं, याला घड्याळाच्या भाषेत रेट म्हणतात. चांगल्या, धडधाकट घड्याळाचा रेट साधारण उणे 4 ते अधिक 6 सेकंदांत असावा असं धरतात, उणे म्हणजे मागं, अधिक म्हणजे पुढं. बडोद्यात हा विषय बहुतेक तेव्हाच निघतो जेव्हा घरात कुणाला साठीला, रिटायरमेंटला नाहीतर लग्नात भारी स्विस घड्याळ मिळालेलं असतं आणि चौथ्या दिवशी लक्षात येतं की मोबाइलपेक्षा ते अर्धा मिनिट पुढं आहे, मग घरातले म्हणतात एवढे लाख घातले आणि साधी वेळ दाखवत नाही.

दाखवतं, पण आकडे नीट बघितले पाहिजेत. दिवसाचे सेकंद 86,400. आजच्या बऱ्याचशा स्विस घड्याळांत बॅलन्स व्हील, म्हणजे झोके घेत वेळ मोजणारं चाक, तासाला 28,800 ठोके देतं म्हणजे सेकंदाला 8, म्हणजे दिवसाला 6,91,200. त्यातले 40 ठोके इकडेतिकडे झाले की घड्याळ 5 सेकंद चुकलं. तेल, कमान, दातेरी चाकं आणि वर हाताचे हेलकावे, एवढ्या भानगडीत 40 ठोके काहीच नाहीत. तरीही साधं बॅटरीवरचं क्वार्ट्झ घड्याळ याला सहज हरवतं, कारण त्यातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपलीकडं सहसा चुकत नाही. सेइकोनं 25 डिसेंबर 1969 ला अ‍ॅस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, महिन्याला 5 सेकंदांचा दावा होता त्याचा, आणि अचूकतेची शर्यत तिथंच संपली. त्यामुळं लक्झरी घड्याळात पैसे अचूकतेचे नसतात हे आधी पक्कं करावं. पैसे कारागिरीचे, नावाचे, सोन्याचे, आणि त्या किमतीत जेवढी अचूकता कबूल केलीय तेवढी मिळाली की व्यवहार चोख झाला.

कबूल केलेली म्हणजे किती, तर प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. सगळ्यात माहितीतलं सर्टिफिकेट सीओएससीचं, ही स्वित्झर्लंडमधली तपासणी संस्था 1973 पासून आहे. तिथं मशीन केसमध्ये न बसवता नुसतंच 15 दिवस तपासतात, पाच वेगवेगळ्या पोझिशनमध्ये आणि 8, 23, 38 अंश अशा तीन तापमानांत, सरासरी उणे 4 ते अधिक 6 मध्ये आली तर (इतर पण अटी आहेत) क्रोनोमीटर म्हणायची परवानगी. छोट्या लेडीज मशीनना थोडी जास्त सूट. रोलेक्स 2015 पासून स्वतःची आणखी कडक तपासणी लावते, केसमध्ये बसवलेलं पूर्ण घड्याळ उणे 2 ते अधिक 2. ओमेगाचं मास्टर क्रोनोमीटर शून्य ते अधिक 5, म्हणजे मागं पडायला परवानगीच नाही, आणि हे माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं आहे कारण पुढं असलेलं घड्याळ फार तर तुम्हाला स्टेशनवर लवकर नेतं, मागं पडलेलं गाडी चुकवतं. जपानची ग्रँड सेइको सहा पोझिशनमध्ये 17 दिवस तपासते, तिचा आकडा उणे 3 ते अधिक 5. सर्टिफिकेट नसलेल्या महागड्या घड्याळांचं मात्र काही सांगता येत नाही, कधी कधी ती दिवसाला दहा-पंधरा सेकंद पण जातात आणि कंपनी त्याला नॉर्मलच म्हणते.

आता खरी गोष्ट. आकडा लहान असण्यापेक्षा तो रोज तोच असणं जास्त महत्त्वाचं. रोज नेमकं 6 सेकंद पुढं जाणारं घड्याळ उत्तम, कारण रविवारी 42 सेकंद मागं केलं की काम झालं. पण आज 8 पुढं, उद्या 5 मागं, परवा 2 पुढं असं करणाऱ्या घड्याळाची सरासरी झकास दिसते आणि मशीन मात्र आजारी असतं. जहाजावरच्या घड्याळांचं तंत्र यावरच चालायचं, कारण जहाज पूर्व-पश्चिम कुठं आहे ते घड्याळाच्या वेळेवरून काढायचे. जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीचं एच-4 हे घड्याळ 1761 मध्ये जमैकाच्या सफरीवर निघालं आणि 81 दिवसांत ते फक्त 5 सेकंद मागं पडलं असा हिशेब निघाला, पण त्या हिशेबात घड्याळाचा ठरलेला रेट आधीच धरलेला होता. खलाशाला घड्याळ किती चुकतं याची भीती नव्हती, किती चुकतं ते कळलं नाही तर भीती होती, कारण वेळेत 4 सेकंदांचा घोळ म्हणजे विषुववृत्तावर पावणेदोन किलोमीटरच्या वर चूक.

दांडिया बाजार, रावपुरा या बाजूला जुने कारागीर असतात त्यांच्याकडं तक्रार घेऊन गेलं की पहिला प्रश्न असतो, "रात्री कसं ठेवता?" गिऱ्हाईकाला वाटतं टाळतायत. पण प्रश्न बरोबर आहे. घड्याळ काचेवर आडवं ठेवलं की बॅलन्सचा दांडा उभा राहतो, टोकावर टेकतो, घर्षण कमी, झोका मोठा, साधारण 270 ते 310 अंश. चावी वर किंवा खाली करून उभं ठेवलं की दांडा कडेवर घासतो आणि झोका कमी होतो, रेट बदलतो. त्यामुळं दिवसभर पुढं गेलेलं घड्याळ रात्री योग्य कुशीवर ठेवून परत जाग्यावर आणता येतं, फुकटात. कुठल्या कुशीवर ते प्रत्येक घड्याळाचं वेगळं, चार रात्री करून बघायचं.

मग ते घड्याळ टाइमग्राफरवर चढवतात. हा छोटा माइक लावलेला डबा, टिकटिक ऐकतो आणि पडद्यावर ठिपक्यांच्या ओळी काढतो. ओळ आडवी सरळ म्हणजे वेळ बरोबर, वर चढली तर फास्ट, खाली उतरली तर स्लो, दोन ओळींत अंतर पडलं तर टिक आणि टॉक सारखे नाहीत. आणि ओळीच दिसत नाहीत, नुसता ठिपक्यांचा पाऊस पडतोय, असं झालं तर मशीनच्या पोटात काहीतरी गडबड आहे. आधी होकायंत्र जवळ नेऊन बघतात, सुई हलली की घड्याळ चुंबकलंय. हे हल्ली फार होतं, मोबाइलच्या फ्लॅप कव्हरातलं मॅग्नेट, पर्सचं बटण, स्पीकर, इंडक्शनचा चूल्हा. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक कमानीचे, वेढे एकमेकांना चिकटतात, कमान जणू आखूड होते आणि घड्याळ दिवसाला मिनिटंच्या मिनिटं पळायला लागतं. इलाज अगदी स्वस्त, डिमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व घालवणाऱ्या यंत्रावर, काही सेकंद धरायचं. ओमेगाची मास्टर क्रोनोमीटर 15,000 गाऊसपर्यंत (गाऊस हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) टिकतात, साधी अँटिमॅग्नेटिक घड्याळं 60 गाऊसच्या मानकावर बनतात, हा फरक भलताच आहे.

बडोद्याचा उन्हाळा हा वेगळा मुद्दा. जुन्या पोलादी हेअरस्प्रिंग आणि साध्या पितळी बॅलन्सला एक अंश तापमान वाढलं की दिवसाला दहा-अकरा सेकंद फरक पडायचा. शार्ल एदुआर गिय्योम या स्विस शास्त्रज्ञानं तापमानाला दाद न देणारे मिश्रधातू शोधले, इन्व्हार आणि एलिन्व्हार, 1920 चं फिजिक्सचं नोबेल त्याला याच कामाकरता मिळालं. आता निव्हारॉक्स या तसल्याच मिश्रधातूच्या किंवा सिलिकॉनच्या कमानी असतात आणि सीओएससीच्या नियमात फरक एका अंशाला 0.6 सेकंदाच्या आत हवा. पण ती तपासणी 38 अंशांवर थांबते आणि इथं मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो. हातावर असलेलं घड्याळ अंगाच्या उष्णतेवर राहतं म्हणून फारसं बिघडत नाही, गच्चीकडच्या खोलीत कपाटावर ठेवलेलं तापतं. कारच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नये.

घरी मोजायची रीत सोपी. पूर्ण चावी द्या, मोबाइलच्या सेकंदाला लावा, आणि आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी फरक लिहून ठेवा, मग सातव्या दिवशीचा एकूण फरक सातानं भागा. एका दिवसावरून निकाल देऊ नका. ऑटोमॅटिकवाल्यांनी हेही बघावं की दिवसभर खुर्चीत बसून घड्याळ पुरतं भरतंय का, रिटायर झालेल्या बऱ्याच लोकांचं भरत नाही, चावी अर्धी राहते, झोका कमी होतो आणि दोष मात्र कंपनीला. आणि चार सेकंदांसाठी जीव खाणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं, आपली वेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून घेतलेली, बडोदं त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या मागं 37 मिनिटांच्या आसपास चालतोच. पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ 1896 मध्ये उभारलेला रावपुऱ्याचा टॉवर बघून लोक कामाला लागायचे, सेकंद कुणी मागितले नाहीत.

सासऱ्यांचं किंवा आजोबांचं जुनं ओमेगा, फावर-लूबा असेल तर अपेक्षा वेगळी ठेवावी. ती बरीचशी तासाला 18,000 ते 21,600 ठोक्यांची, झिजलेली, दिवसाला वीस-तीस सेकंदांत राहिली तरी तब्येत छान म्हणायची. त्यांना उणे 2, अधिक 2 वर आणायच्या हट्टापायी रेग्युलेटर (आतला रेट कमीजास्त करायचा काटा) सारखा हलवू देऊ नका. तेल वाळलेलं असेल तर आधी ऑइलिंग-सर्व्हिसिंग, मग रेट. नव्या घड्याळाला सर्व्हिस पाच ते दहा वर्षांनी पुरते, आणि वॉरंटीत असताना आकडा कबुलीबाहेर गेला तर कंपनीच्या सेंटरकडंच द्यावं, आठवड्याची नोंद सोबत दिली की "चालतंय साहेब, नॉर्मल आहे" असं म्हणून परत पाठवणं त्यांना जरा जड जातं. बाहेर कुठंही मागचं झाकण उघडलं तर नवीन वॉशर टाकून पाण्याची टेस्ट करून घ्यावी, निदान पावसाळ्याआधी.