अळू, वेखंड, मनीप्लँट: सोलापुरात दलदल नाही तरी हे खानदान इथं कसं पोचलं

सोलापूरला दलदल म्हणजे पावसाळ्यात खणून ठेवलेला रस्ता, एवढीच काय ती ओळख. बाकी सगळी काळी माती, ज्वारी आणि ऊन. तरी गंमत बघा, ज्याचं मूळ घरच चिखल आणि ओढ्याचा काठ आहे ते अळूचं खानदान आपल्याकडं घरोघरी आहे. मंडईत अळूच्या जुड्या, तेलुगू घरांत चामगड्ड म्हणजे अळूचेच कंद, उपवासाला सुरण, टीव्हीशेजारी बाटलीत मनीप्लँट, बाळाच्या गुटीत वेखंड (त्याचं प्रकरण जरा वेगळं आहे, खाली येतंच) आणि आता फिश टँकमध्ये क्रिप्ट आणि अनुबियास ही पाण्यात वाढणारी झाडं. टँकवाली पोरं विचारत असतात की ही झाडं मुळात कुठली, म्हणून जरा मागचं सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, या झाडांना एवढं लांब माणसानंच उचलून नेलंय, आणि जिथं नेलं तिथं त्यांच्यासाठी छोटीशी दलदलही करून दिलीय.

सोलापुरातली ती दलदल म्हणजे मोरी. जुन्या वाड्यांत, गिरणीच्या चाळींत आंघोळीचं, भांड्यांचं पाणी मागच्या बाजूला जिथं जाऊन साठायचं तिथं हमखास अळू लावलेला असायचा, मुद्दाम पाणी घालायची गरज नाही, खत नाही, काही नाही. काळपट देठाचा वडीला, फिकट हिरव्या देठाचा भाजीला. त्याचा देठ आडवा कापून बघा, आत स्पंजसारख्या पोकळ्या दिसतात, चिखलात हवा नसते म्हणून पानाकडून हवा खाली मुळांपर्यंत याच वाटेनं जाते. पहाटे पानाच्या टोकाला थेंब लटकलेला असतो, तो दव नसतो बऱ्याचदा, झाडानंच जास्तीचं पाणी टोकातून बाहेर टाकलेलं असतं. म्हणजे पाणी कमी पडेल ही भीतीच या झाडाला माहीत नाही आणि ते आलंय कुठं तर चार-पाच दिवसाआड नळ येण्याची सवय असलेल्या गावात! ड्रेनेज जमिनीखाली गेलं तसा मोरीचा अळूही गेला, आता जुडी विकतच आणायची.

घशाला खाजतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळं. या सुया इतक्या बारीक की डोळ्यांनी दिसत नाहीत, पेशींत जुडग्यानं बसलेल्या असतात आणि पान चावलं की टोचतात. म्हणून फदफद्यात चिंच पडते आणि म्हणून अळू नीट शिजवूनच खायचा. असं टोचणारं झाड माणसानं खायला कधी घेतलं असेल? तर लै जुनी गोष्ट आहे. सॉलोमन बेटांच्या साखळीत बुका बेटावर किलू नावाची गुहा आहे, तिथल्या दगडी हत्यारांवर अळूवर्गातल्या कंदांचे स्टार्चचे कण सापडले, वय साधारण २८,००० वर्षं. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात कुक नावाची दलदल आहे, तिथं लोक हजारो वर्षांपूर्वी चर खणून पाणी काढत होते आणि शेती करत होते, तिथल्या दगडांवरही अळूच्या खुणा मिळाल्या. २००८ मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत गेली. शेतीचा इतिहास म्हटलं की आपण गहू-तांदळावरच थांबतो, चिखलातल्या कंदांकडं कुणाचं लक्ष जात नाही, कारण कंद कुजून जातो, मागं दाणे उरत नाहीत.

तिथून होड्यांमधून अळू पॅसिफिकभर गेला. हवाईच्या लोककथेत तर अळू हा माणसाचा थोरला भाऊ आहे. किरिबाटी, तुवालूसारख्या प्रवाळ बेटांवर मातीच नाही धड, तिथं लोक जमिनीत खड्डे खणतात, खाली समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा थर लागेपर्यंत, आणि त्या खड्ड्यात अळूचा एक राक्षसी भाऊबंद लावतात, सायर्टोस्पर्मा. पिढ्यान्‌पिढ्या पालापाचोळा घालून तो खड्डा जपायचा. आता समुद्राचं पाणी आत शिरलं की खड्डे खारट होतात आणि पीक मरतं.

आता आपल्या बाजूला येऊ. या झाडांची पद्धतशीर नोंद करायचं पहिलं मोठं काम कोचीनला झालं. मलबारचा डच अधिकारी व्हॅन र्‍हीडे यानं हॉर्टस मलबारिकस हा १२ खंडांचा ग्रंथ केला, १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला, ७४२ झाडं. यातली माहिती कुणाची? इट्टी अच्युदन हा मलयाळी वैद्य आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण. त्या तिघांचं १६७५ चं कोंकणी साक्षपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलंय, १७ व्या शतकात हॉलंडमध्ये नागरी अक्षरं! अकराव्या खंडात पाणथळ झाडं आहेत, त्यात पाण्यावर तरंगणारी पिस्टिया 'कोड्डा-पैल' या मलबारी नावानं आहे. पुढं स्वीडनच्या लिनियसनं १७५३ मध्ये झाडांना लॅटिन नावं दिली तेव्हा भारतात न येता तो या पुस्तकांवर बराच विसंबून होता. अळूला त्यानं अ‍ॅरम याच वंशात (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातलं, एकाच झाडाला दोन जाती करून.

तो गुंता सोडवला व्हिएन्नाच्या शॉटनं. हाइनरिख शॉट हा तिथल्या शाही बागेचा माणूस, १८१७ ला ब्राझीलला गेला, तिथं अळूवर्गाच्या प्रेमात पडला तो १८६५ ला मरेपर्यंत. अळूला कोलोकेशिया हा वेगळा वंश १८३२ मध्ये त्यानंच दिला. पैसे घालून चित्रकारांकडून ३,००० च्या वर चित्रं काढून घेतली, पानं, फुलं, परागकोश, सगळं कापून उघडून. ही चैन वाटेल, पण १९४५ मध्ये युद्धाच्या शेवटी त्याचे वाळवलेले नमुने जळाले आणि चित्रं तेवढी वाचली, आज कित्येक जातींचा अस्सल पुरावा म्हणून तीच बघतात.

मुंबई इलाख्यात हेच काम डाल्झेल करत होता, पुढं जंगलखात्यात गेलेला अधिकारी. १८५२ मध्ये त्यानं लॅजेनँड्रा हा नवा वंश नोंदवला, सह्याद्रीच्या ओढ्यांत वाढणारा. गिब्सन या सहकाऱ्याबरोबर त्यानं १८६१ मध्ये बॉम्बे फ्लोरा हा इलाख्यातल्या झाडांचा ग्रंथ काढला. टँकवाल्यांनी हा लॅजेनँड्रा नीट बघावा, कारण तो क्रिप्टचा, म्हणजे क्रिप्टोकोरायनीचा सख्खा शेजारी आणि दोघांत लोक नेहमी घोळ घालतात. कोवळं पान उमलायच्या आधी बघायचं, लॅजेनँड्राच्या दोन्ही कडा आत वळून एकमेकींकडं येतात, क्रिप्टचं पान एकाच बाजूनं गुंडाळलेलं असतं.

क्रिप्टचं फूल म्हणजे कारागिरी आहे. खरी फुलं तळाशी एका छोट्या बंद कोठीत, ती बऱ्याचदा पाण्याखाली. कोठीवरून एक नळी निघते, पाण्याच्या वर येते आणि तिथं रंगीत, पीळदार पडद्यासारखी उघडते. वासानं बारीक माश्या येतात, नळीतून खाली उतरतात आणि अडकतात. मादीफुलं आधी तयार होतात, नरफुलं नंतर, त्यामुळं परागकण अंगावर घेतल्याशिवाय माशीची सुटका नाही. सुरणाच्या फुलाला मेल्या उंदराची घाण येते तीही याच कारणासाठी. आणि या वर्गातली काही फुलं चक्क तापतात, फ्रेंच निसर्गतज्ज्ञ लामार्कनं १७७८ मध्ये हे लिहून ठेवलं होतं, पण तापवायचं बटण म्हणजे सॅलिसिलिक आम्ल आहे हे १९८७ मध्ये कळलं, सॉरोमॅटम नावाच्या अळूच्या नातलगावर प्रयोग करून.

आता वेखंड. दिसायला अगदी दलदलीतलं, फुलांचा दांडाही अळूसारखाच, म्हणून दोनशे वर्षं त्याला अळूच्या घरात धरलं. डीएनए तपासल्यावर निघालं की हा तर सगळ्या एकदल झाडांत सर्वांत आधी वेगळा झालेला फाटा, अळूचा जवळचा कुणी नाही. १९९८ च्या नव्या वर्गीकरणात त्याचा वेगळा गण झाला. (जाता जाता, त्यात बीटा-असारोन नावाचं घातक द्रव्य असतं, अमेरिकेनं १९६८ मध्ये खाण्याच्या पदार्थांत वेखंडाला बंदी घातली, त्यामुळं गुटीत उगाळायच्या आधी डॉक्टरला विचारा, आजीला राग आला तरी चालेल.) उलट डबक्यावर हिरवा थर धरणारं लेम्ना, ज्याला लोक शेवाळ समजतात, ते अळूच्या घरात आलं. कंबर तलावात दरवेळी माजते ती जलपर्णी मात्र या खानदानातली नाही, तिला उगाच यात ओढू नका.

मनीप्लँटची गोष्ट तर खास. मूळ घर ताहितीशेजारचं मोरेआ बेट, १८८० ला पोथोस या वंशात नोंद झाली, पण फूल येत नसल्यामुळं कित्येक वर्षं कुठल्या वंशात घालायचं तेच कळेना. जिबरेलिन हे संप्रेरक बनवणारा एक जनुक त्यात चालत नाही म्हणून ते फुलत नाही, हे २०१६ मध्ये सापडलं. म्हणजे जगभरच्या बाटल्यांत आहे ते सगळं छाटण्यांवर.

टँकमधल्या क्रिप्टचा धंदा मुख्यतः श्रीलंकेच्या जातींवर उभा राहिला. सगळ्यांत जास्त विकली जाणारी वेंडटी, ती डच वनस्पतीतज्ज्ञ डी विट यांनी १९५८ मध्ये नोंदवली. आता फॅशन बोर्निओच्या बुसेफॅलँड्राची, पहिली जात शॉटनंच १८५८ मध्ये नोंदवली आणि दीडशे वर्षं फारसं कुणी ढुंकून बघितलं नाही, २०१४ मध्ये वोंग आणि बॉइस या वनस्पतीतज्ज्ञांनी बऱ्याच नव्या जाती एकदम नोंदवल्या, तोवर टँकवाल्यांनी ओढ्याचे ओढे खरवडायला सुरुवात केलेली होती. मला हे काही पटत नाही, टिशू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, मिळत असेल तर तीच घ्या. आणि सोलापूरच्या बोअरच्या जड पाण्यात वेंडटी आरामात जगते, बोर्निओच्या काळ्या, आम्लधर्मी पाण्यातल्या क्रिप्टच्या जाती जगत नाहीत. लावल्यावर आठ-पंधरा दिवसांत वेंडटीची पानं विरघळल्यासारखी गळाली तर उपटून फेकू नका, जागा बदलली की क्रिप्ट असंच करतं, खालचा कंद टणक असेल तर नवी पानं येतात.