डीपी रायफल आणि तिच्यावरच्या खुणा

डीपी रायफल म्हणजे प्रत्यक्ष वापरातून बाद होऊन फक्त कवायतीसाठी आणि शस्त्र हाताळणी शिकवण्यासाठी ठेवलेली रायफल. डीपी हे ‘ड्रिल पर्पज’चं लघुरूप. एनसीसी केलेल्यांना ती वेगळी सांगायला नको, ‘बाजू शस्त्र’, ‘सलामी शस्त्र’ ज्या जवळजवळ चार किलोच्या धुडावर शिकवतात ती बहुतेक वेळा .३०३ (इंचातला नळीचा व्यास) ली-एनफिल्डच, म्हणजे ब्रिटिश सैन्याची जुनी रायफलच असते. या नोंदीतही मुख्यतः ब्रिटिश आणि भारतीय ली-एनफिल्डच घेतल्या आहेत, कारण खुणांचा सगळ्यात मोठा पसारा त्यांच्यावरच आहे.

डीपीचा शिक्का नेमका कधी सुरू झाला यावर एकमत नाही. ली-एनफिल्डच्या आधीच्या मार्टिनी-हेन्रीवरही तो सापडतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे त्याची सुरुवात धरणं जास्त सुरक्षित. शिक्का नळीवर, बोल्टवर (गोळी आत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा), बट सॉकेटवर (दस्ता जिथे बसतो तो लोखंडी भाग) आणि लाकडी दस्त्यावर असा वेगवेगळ्या ठिकाणी मारत, शिवाय लाकडावर पांढरे पट्टे रंगवत म्हणजे लांबूनच कळावं. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, डीपी लिहिलंय म्हणजे रायफल निकामी आहे असं अजिबात नाही. काहींच्या चेंबरला, म्हणजे गोळी बसते त्या भागाला, आरपार भोक पाडलेलं असतं, गोळीवर आघात करणारी फायरिंग पिन काढलेली किंवा कापलेली असते, पण काही नुसत्या झिजल्या, तपासणीत नापास झाल्या म्हणून शिक्का मारून बाजूला ठेवल्या, बाकी सगळं जसंच्या तसं. अशा रायफलीत गोळी भरून ती उडवणं जिवावर बेतू शकतं. ब्रिटनमध्ये कॅडेटांच्या रायफली चोरीला जाऊन परत चालू केल्या जातील ही भीती वाढली तेव्हा, साधारण १९७० च्या दशकात, नंबर ४ (ली-एनफिल्डचंच नंतरचं मॉडेल) रायफलींवरून एल५९ मालिका काढली, तिच्यात मात्र नळी आणि बोल्ट दोन्ही कायमचे बिघडवलेत.

खुणा वाचायला सुरुवात बट सॉकेटपासून करावी, म्हणजे बोल्टच्या मागे, जिथे लोखंड संपून दस्त्याचं लाकूड सुरू होतं तो भाग. उजव्या बाजूला वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरं (जी.आर. म्हणजे जॉर्ज रेक्स, राजा जॉर्ज), मग कारखाना (एनफिल्ड, बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, एल.एस.ए. म्हणजे लंडन स्मॉल आर्म्स), मग साल आणि शेवटी मॉडेल. मॉडेलचं नाव शॉर्ट एल.ई. आणि आकडा रोमन तीन असेल तर ती १९०७ ची मार्क ३, पुढे तारा असेल तर १९१६ पासूनची सोपी केलेली आवृत्ती. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफलीवर जी.आर. नसून जी.आर.आय. असतं, शेवटचा आय ‘इम्पेरेटर’चा म्हणजे सम्राटाचा, आणि ही एका अक्षराची खूण भारतीय बनावट ओळखायला फार उपयोगी पडते. स्वातंत्र्यानंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आणि आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) ही अक्षरं आली. बऱ्याच भारतीय रायफलींच्या पुढच्या लाकडात मजबुतीसाठी एक आडवा स्क्रू दिसतो, त्याला संग्राहक ‘इशापूर स्क्रू’च म्हणतात.

मालकीची खूण म्हणजे बाण. नुसता रुंद बाण ब्रिटिश सरकारचा, सी अक्षरात बाण कॅनडाचा, यू मधला बाण दक्षिण आफ्रिकेचा, दोन डी च्या मधला ऑस्ट्रेलियाचा. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर माल सरकारी ताब्यातून विकला गेलाय. एफ.टी.आर. म्हणजे कारखान्यात पूर्ण उघडून दुरुस्त केलेली, त्यापुढचं साल दुरुस्तीचं असतं, त्याला बनावटीचं साल समजण्याची चूक नवीन लोक हमखास करतात.

ई.वाय. या शिक्क्यावर मात्र बराच वाद आहे. हा ग्रेनेड फेकायच्या रायफलीवर असतो. एक मत असं की ही यूल नावाच्या संशोधकाची आद्याक्षरं, दुसरं मत ‘इमर्जन्सी’ शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर. अशा रायफलीतून साधी गोळी फक्त अडीअडचणीलाच झाडायची असा दंडक होता, तो पाहता दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. भारतात याच कामाच्या रायफलींवर जी.एफ. (ग्रेनेड फायरिंग) शिक्का मारत आणि पुढच्या लाकडावर तांब्याची तार घट्ट गुंडाळत. विक्रेते पुष्कळदा ई.वाय. आणि डीपी एकच समजतात, ते चूक आहे.

शिक्के तेलाच्या काजळीने बुजलेले असतात. पॉलिश पेपर लावला की अक्षरं कायमची जातात, त्यापेक्षा मऊ फडक्याने पुसून थोडा खडू चोळायचा आणि टॉर्च जवळजवळ आडवा धरायचा, सावली पडून बुजलेलं अक्षर वर येतं. मग नंबर जुळवायचे: बोल्ट ज्यात बसतो त्या रिसीव्हरचं पुढचं टोक (नंबर ४ वर सॉकेट), बोल्टच्या हँडलमागे, नेम धरायच्या मागच्या साईटची पट्टी, नळीच्या टोकाची टोपी. डीपीत हे क्वचितच जुळतात, कारण शेवटी शेवटी चार रायफलींचे भाग एकीत बसवलेले असतात.

कायद्याने डीपी आणि ‘निष्क्रिय’ वेगळे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा (शस्त्रं तपासून शिक्का मारणारी संस्था) शिक्का आणि प्रमाणपत्र असेल तर शस्त्र निष्क्रिय धरतात, आणि १९९५ मध्ये निकष कडक झाल्याने बाजारात ‘ओल्ड स्पेक’, ‘न्यू स्पेक’ (जुने आणि नवे निकष) असे दोन भाव पडले. जुन्या निकषातल्या रायफलीचे भाग कमी बिघडवलेले असत म्हणून तेव्हा तिला जास्त मागणी असे.

भारतात .३०३ हा प्रतिबंधित बोअर (सामान्य नागरिकाला सहसा परवाना न मिळणारा नळीचा व्यास) आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात सुटे भागही येतात. त्यामुळे इथला छंद मुख्यतः फोटो, नोंदी आणि संग्रहालयांतल्या रायफलींवर चालतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या .३०३ काडतुसांच्या बुडावर के.एफ. आणि साल कोरलेलं असतं, रिकामी पितळी केस हातात घेऊन बूड उजेडात धरलं की ते स्पष्ट वाचता येतं.