छाती आधी, फुप्फुस मागून

पोलिओचा विषाणू फुप्फुसाला हात लावत नाही, तरी त्याने श्वास बंद पडून माणसे दगावली. मानेचा मणका मोडलेल्या रुग्णाचे फुप्फुस ठणठणीत असते, तरीही त्याला दम पुरत नाही. कारण हवा आत ओढून घेईल असा स्नायू फुप्फुसात नाहीच. ते काम छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यासारख्या स्नायूचे, म्हणजे श्वासपटलाचे, आणि बरगड्यांमधल्या स्नायूंचे. हवा शिरली म्हणून छाती फुगत नाही, छाती फुगते म्हणून हवा शिरते. एवढी एक गोष्ट पक्की व्हायला दीड हजार वर्षे गेली.

सुरुवात मात्र फार चांगली झाली होती. दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या पर्गामम इथे ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे रोमन आखाड्यांतल्या लढवय्यांच्या, जखमांवर उपचार करणाऱ्या वैद्य गॅलेनने प्राण्यांचा मज्जारज्जू वेगवेगळ्या मणक्यांपाशी कापून पाहिला. मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यामध्ये कापला की श्वास जागीच थांबे. सहाव्या-सातव्यामध्ये कापला तर बरगड्या निश्चल होत, पण श्वासपटल चालू राही. पोटाच्या सीमेवरच्या या स्नायूची नस थेट मानेतून येते, हे त्यातून उघड झाले. या प्रयोगांतली क्रूरता आज वाचतानाही टोचते. पण मणक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर आजही आधी हेच विचारतात, की इजा कितव्या मणक्याला आहे.

१५४३ मध्ये शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियसने लिहिले की छाती उघडताच फुप्फुस आक्रसते, आणि श्वासनळीत बोरूची नळी घालून फुंकले की पुन्हा फुगते. मग १६६८ मध्ये इंग्लंडच्या जॉन मेयोने एक साधी प्रतिकृती मांडली. भात्याच्या आत एक फुगा, त्याचे तोंड भात्याच्या नळीला जोडलेले, आणि आतले दिसावे म्हणून बाजूला काच. भाता उघडला की फुगा आपोआप भरायचा. फुग्याला कोणी फुंकत नव्हते, त्याच्याभोवतीची जागा वाढत होती, बस्स. माझ्या मते श्वसनाचे याहून सोपे चित्र नंतरही कोणाला काढता आले नाही.

खरा वाद पेटला तो १७४० च्या दशकात. बरगड्यांमध्ये स्नायूंचे दोन थर, तंतू एकमेकांना तिरके छेदणारे. जर्मनीतल्या येनाचा वैद्य हाम्बर्गर म्हणे, बाहेरचा थर बरगड्या उचलतो, आतला खाली ओढतो. त्याने दोन उभ्या पट्ट्यांना आडव्या पट्ट्या खिळवून, तिरके दोरे ताणून ते भूमितीने दाखवले. तिथल्याच ग्योटिंगेन शहरातला वैद्य हालर म्हणे, दोन्ही थर उचलतातच. शिवाय छातीची भिंत आणि फुप्फुस यांच्यामध्ये हवा असते, असे हाम्बर्गर धरून चालला होता. हालरने पाण्याखाली छाती उघडून दाखवली, एकही बुडबुडा आला नाही. गंमत अशी की स्नायूंच्या बाबतीत बव्हंशी हाम्बर्गर बरोबर निघाला आणि हवेच्या बाबतीत हालर. फक्त छातीच्या मधल्या हाडालगतचा आतला थर बरगड्या उचलतो, म्हणजे तेवढ्यापुरते हालरचेही खरे ठरले.

१८४६ मध्ये जॉन हचिन्सनने स्पायरोमीटरने, म्हणजे श्वासातली हवा मोजणाऱ्या यंत्राने, दोन हजारांहून अधिक माणसांचा दम मोजला आणि छातीचा जोर आकड्यांत आला.

१९२८ मध्ये बॉस्टनला ‘लोखंडी फुप्फुस’ आले. नाव चुकीचेच म्हणायचे, कारण ते यंत्र फुप्फुसाचे नाही, छातीच्या स्नायूंचे काम करी. रुग्ण मानेपर्यंत पेटीत, पेटीतला दाब कमी झाला की छाती उचलली जाई. मेयोचा भाताच तो, माणसाएवढा. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनच्या ब्लेग्डाम रुग्णालयात अशी पेटी एकच होती. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेनने रुग्णाच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलायला सुरुवात केली. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हाताने त्या पिशव्या दाबल्या. त्या हातांनी किती जणांना जगवले, हे आठवले की आजही भरून येते.

आजचे व्हेंटिलेटर बहुतांशी तसेच हवा ढकलतात. पण स्नायूंचे काम दुसऱ्याने केले की स्नायू झिजतो. २००८ मध्ये दिसून आले की १८ ते ६९ तास यंत्रावर राहिलेल्यांच्या श्वासपटलाचे तंतू निम्म्याहून अधिक बारीक झाले होते. म्हणून नळी काढण्याआधी रुग्णाला थोडा वेळ स्वतःच्या बळावर श्वास घेऊ देतात. फुप्फुस किती सुधारले याबरोबरच पटलात किती जोर उरलाय, हेही तेव्हा कळते.