अमाझिग चित्रपट : प्रारंभीचा इतिहास

उत्तर आफ्रिकेतील अमाझिग (बर्बर) लोकांच्या भाषांत निघालेल्या चित्रपटांना अमाझिग चित्रपट म्हणतात. मोरोक्को आणि अल्जीरिया ही त्यांची प्रमुख केंद्रे. अमाझिग माणूस पडद्यावर फार लवकर आला. आपली गोष्ट आपल्या भाषेत सांगायला मात्र त्याला १९९० चे दशक उजाडेपर्यंत थांबावे लागले.

सुरुवात वसाहतकाळातील फ्रेंच चित्रपटांपासून करावी लागते. झाक फेदेर यांच्या ‘लातलांतीद’ (१९२१) या मूकपटाचे चित्रीकरण खुद्द अल्जीरियाच्या वाळवंटात झाले. पण त्यातला तुआरेगांचा (सहारातील अमाझिग लोकांचा) मुलूख म्हणजे हॉगर पर्वतात दडलेली, प्रियकरांचे बळी घेणाऱ्या राणीची अद्भुतनगरी. ‘इत्तो’ (१९३४) मोरोक्कोच्या ॲटलस पर्वतात चित्रित झाला. फ्रेंच डॉक्टर औषधोपचाराच्या बळावर बंडखोर टोळीचे मन वळवतो, हे त्याचे कथासूत्र. टोळीप्रमुखाच्या मुलीची भूमिका सिमोन बेरियो या फ्रेंच नटीने केली. हेतू उघडच साम्राज्याच्या भलामणीचा होता. तरीही चित्रपटात स्थानिक लोक होते आणि काही संवाद त्यांच्याच बोलीत होते.

स्वातंत्र्यानंतर एवढेही उरले नाही. १९६२ नंतर अल्जीरियाने अरबीकरणाचे धोरण स्वीकारले आणि चित्रपटनिर्मिती सरकारच्या हाती गेली. मुलूद मामेरी या कबाईल (उत्तर अल्जीरियाच्या डोंगराळ भागातील अमाझिग) लेखकाच्या कादंबरीवरून अहमद राशेदी यांनी १९७० च्या सुमारास ‘अफू आणि दंडुका’ या अर्थाच्या नावाचा युद्धपट काढला. कथा कबाईल खेड्यातली, डोंगर कबाईल, माणसे कबाईल. बोलतात मात्र सगळे अरबी. ‘अली, मूत वाकेफ’ (अली, उभ्याने मर) हे त्यातले वाक्य अल्जीरियात आजही तोंडातोंडी आहे, आणि तेही अरबीच. वसाहतवाद्यांच्या चित्रपटात जी भाषा चालली, ती स्वतंत्र राष्ट्राच्या गौरवपटात चालली नाही.

मार्च १९८० मध्ये कबाईल भागातल्या तिझी ऊझू शहराच्या विद्यापीठातील मामेरींच्या प्राचीन कबाईल काव्यावरील व्याख्यानाला सरकारने बंदी घातली. त्यातून भडकलेले आंदोलन ‘बर्बर वसंत’ म्हणून ओळखले जाते. भाषेचा प्रश्न त्यानंतर दडपता येण्याजोगा राहिला नाही, तरी पडद्यापर्यंत पोहोचायला आणखी दीड दशक गेले.

इतिहास लिहिणारे बहुधा इथून थेट अल्जीरियातील तीन चित्रपटांकडे वळतात. ते अन्यायाचे आहे, कारण त्याआधीच मोरोक्कोच्या सूस प्रदेशात व्हिडिओ कॅसेटवर चित्रपट निघू लागले होते. लहूसीन बूइझगारेन यांचा ‘तामघार्त न वूर्घ’ (सोन्याची बाई) हा १९९० च्या दशकाच्या आरंभीचा ताशेलहीत या सूसच्या अमाझिग भाषेतील चित्रपट सामान्यतः मोरोक्कोतील पहिला अमाझिग चित्रपट मानला जातो. चित्रपटगृह नाही, सरकारी अनुदान नाही. गाण्यांच्या कॅसेटबरोबर बाजारात विकायचा आणि घरच्या टीव्हीवर बघायचा, असा हा धंदा. कासाब्लांकात दुकाने चालवणारे आणि फ्रान्स-बेल्जियममध्ये कामाला गेलेले सूसवासी हे त्याचे हक्काचे गिऱ्हाईक. चित्रण कच्चे आणि विनोद ढोबळ असे, पण गावाकडची भाषा जशीच्या तशी कानावर पडे. हा धंदा पुढे बेकायदा प्रतींनी पोखरला.

अल्जीरियात वाट वेगळी होती. बेलकासेम हजाज यांचा ‘माशाहो’ (१९९५) लोककथेच्या घाटाचा. कबाईल कथेकरी गोष्ट ज्या शब्दाने सुरू करतात, तेच त्याचे नाव. मुलीची अब्रू गेली म्हणून सूड घ्यायला निघालेला बाप त्याच्या केंद्रस्थानी आहे. अब्देररहमान बूगेरमूह यांना मामेरींच्या ‘विसरलेली टेकडी’ (१९५२) या कादंबरीवर कबाईल भाषेतच चित्रपट करायचा होता. त्यासाठी त्यांनी अनेक वर्षे वाट पाहिली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो पूर्ण झाला, तेव्हा मामेरी हयात नव्हते. १९८९ मध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले होते. तिसरा, अझ्झेदीन मेद्दूर यांचा ‘बायाचा डोंगर’ (१९९७). नवऱ्याच्या खुनाची भरपाई म्हणून आलेली मोहरांची थैली गावाच्या गरजेला द्यायला बाया नकार देते. तिला सूड हवा असतो. देशात यादवी चालू असताना हे काम झाले. मेद्दूर यांच्या चमूतील अनेक जण चित्रीकरणाच्या काळात एका स्फोटात मृत्युमुखी पडले.

तिन्ही चित्रपट डोंगरातल्या खेड्यात आणि बहुतांशी गतकाळात घडतात. शहरातला, समकालीन अमाझिग माणूस त्यांत नाही, ही या पहिल्या पिढीची मर्यादाच म्हणावी लागेल.

संस्थात्मक पाठबळ नंतर आले. अल्जीरियात अमाझिग चित्रपटांचा वार्षिक महोत्सव सुरू झाला. त्याचा सर्वोच्च पुरस्कार ‘सुवर्ण ऑलिव्ह’. मोरोक्कोत २००१ मध्ये अमाझिग संस्कृतीची शाही संस्था स्थापन झाली, अगादिरचा ‘इस्नी न वूर्घ’ महोत्सव २००७ पासून भरू लागला आणि २०१० मध्ये सरकारी अमाझिग दूरचित्रवाहिनी सुरू झाली.